मामांचं घड्याळ, सत्ताविसाव्या वर्षी

पत्र: मी २७ वर्षांचा आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, अंबडच्या एका टूलरूममध्ये नोकरी करतो. गाव निफाडजवळ, घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे रविवार बहुतेक बागेतच जातो. माझे मोठे मामा मस्कतला होते. त्यांनी १९८४ साली तिथे घेतलेलं रोलेक्स डेटजस्ट ते मला लग्नात द्यायचं म्हणतात. निम्मं स्टील, निम्मं सोनं, डायलही सोनेरी. पावती जपलेली आहे, तिच्यावर १६०१३ असा मॉडेल नंबर आहे. मध्यंतरी मामांनी दोन दिवस घालून बघायला दिलं होतं. मला आवडलं, पण मित्र म्हणाले, "काय काका, पेन्शन सुरू झाली का?" दाजींचं मत, मुंबईला विकून टाक आणि ४४ मिलिमीटरचं नवं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांच्या धाटणीचं, घड्याळ घे, ते तुझ्या वयाला शोभेल. माझं मनगट साडेसहा इंच आहे. अशी घड्याळं पन्नाशीनंतरच शोभतात का? पुढे कधी स्वतःच्या पैशाने घ्यायचं झालं तर या जुन्या घाटाच्या घड्याळांत तरुण माणसाने कोणतं घ्यावं?

उत्तर:

घड्याळ विकू नका. मामा देतील तेव्हा मनापासून घ्या आणि कपाटात न ठेवता वापरा. दाजींचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी सुचवलेलं माप तुमच्या मनगटाचं नाही. आणि मित्रांना जे वय दिसलं ते घड्याळाचं नव्हतं. ते कशाचं होतं हे नीट समजून घेतलंत, तर तासाभराच्या कामात त्यातलं बरंचसं पुसता येईल.

आपल्याकडे हे घड्याळ म्हाताऱ्यांचं का वाटतं? एक तर ते घेण्याची ऐपत यायलाच माणसाची पन्नाशी उजाडायची. आखातातून आलेले मामा-काका, बागायतदार, सराफ, डॉक्टर, पुढारी यांच्याच हातात ते दिसलं. दुसरं असं की स्टील-सोन्याचा हा घाट इतका चालला की सोनेरी मुलामा दिलेली त्याच्यासारखी घड्याळं घरोघरी आली, लग्नात मिळाली, निवृत्तीच्या समारंभात मिळाली. आज तिशीच्या आत असलेल्या माणसाने हा घाट पहिल्यांदा पाहिला तो वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या हातात. मित्रांच्या डोळ्यांपुढे ते हात येतात. पण ती त्यांची आठवण झाली, घड्याळाचा गुण नव्हे.

ज्यांना आज आपण वयस्करांची म्हणतो, त्यातली काही घड्याळं कोणासाठी बनली ते बघा. कार्तिएचं सांतोस १९०४ चं. विमान उडवताना खिशातलं घड्याळ काढता येत नाही अशी अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांची अडचण होती, आणि तेव्हा ते जेमतेम तिशीत होते. जेजे-लकूल्त्रचं रिव्हर्सो १९३१ चं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून ते उलटं फिरवता येईल असं केलं. डेटजस्ट आलं १९४५ साली, तारीख खिडकीत आपोआप बदलणारं रोजच्या वापरातलं घड्याळ म्हणून. त्याच्या काचेभोवतीच्या कडेवरचे सोनेरी दातेसुद्धा मुळात शोभेचे नव्हते. ही कड केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीवर, घट्ट पिळून बसवायला हत्याराची पकड लागायची, त्या पकडीसाठी ते होते. टूलरूममध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आता मापाचं. घड्याळ शोभतं की नाही हे डायलच्या व्यासावर कमी आणि वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतच्या लांबीवर जास्त ठरतं. शिंगं म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती चार टोकं, दुकानदार त्यांना लग म्हणतात. हात टेबलावर पालथा ठेवा आणि घड्याळ बसतं त्या जागी मनगटाची सपाट रुंदी फुटपट्टीने मोजा. साडेसहा इंच घेराच्या मनगटाची ती बहुतेक ५२ ते ५५ मिलिमीटर भरते. मामांचं डेटजस्ट ३६ मिलिमीटरचं आहे, शिंगांसकट लांबी ४४ च्या आतबाहेर. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मनगट मोकळं दिसेल, आणि हेच प्रमाण डोळ्याला बरं वाटतं. ४४ मिलिमीटरच्या डायव्हरची लांबी सहज ५० ते ५३ जाते, जाडी १४-१५. ते तुमच्या मनगटाच्या कडेपर्यंत पोचेल, शर्टाच्या कफमध्ये अडकेल, आणि घड्याळ दुसऱ्याचं मागून घातल्यासारखं वाटेल. मोठ्या घड्याळांची हवा १९९३ च्या सुमारास पानेराईच्या ४४ मिलिमीटरच्या आणि ओदमार पिगेच्या ४२ मिलिमीटरच्या घड्याळांनी सुरू झाली आणि वीसेक वर्षं टिकली. आता वारं परत फिरलंय. रोलेक्सने २०२१ साली आपलं एक्सप्लोरर ३९ वरून पुन्हा ३६ वर आणलं, आणि त्याच वेळी त्याचं स्टील-सोन्याचं रूपही पहिल्यांदा काढलं. एक्सप्लोरर हे डोंगर चढणाऱ्यांच्या नावाने विकलं जाणारं घड्याळ. ज्या मापाला आणि ज्या धातूला तुमचे मित्र पेन्शन म्हणाले, तेच माप आणि तोच धातू.

मग मित्रांना काय दिसलं असेल? आमचा पहिला संशय सैल पट्ट्यावर आहे. पाच ओळींच्या कड्यांचा तो पट्टा ज्युबिली म्हणून ओळखला जातो. मामांच्या मनगटाला बसवलेला पट्टा तुमच्या हातात बांगडीसारखा फिरला असणार. हात खाली सोडला की घड्याळ पंज्यावर घसरतं, डायल बाहेरच्या बाजूला वळतं, आणि माणूस मनगट झटकून ते वर आणतो. ही सवय आपण सगळ्यांनी कुठल्यातरी आजोबांच्या हातात पाहिलेली आहे. वय दाखवते ती ती झटक.

पट्टा बसवण्याची रीत अशी. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या कोपराकडच्या बाजूला घड्याळ बसलं पाहिजे. हात खाली सोडल्यावरही त्याने ते हाड ओलांडायला नको. क्लास्प, म्हणजे पट्ट्याचा खटका, बंद केल्यावर पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकावी, अंगठा जाऊ नये. कड्या काढायच्या तर पहिली कडी सहाच्या अंकाकडच्या बाजूने काढायला सांगा, म्हणजे क्लास्प मनगटाच्या मध्यावर राहते. दोन्ही बाजूंनी सारख्या काढल्या तर ती बहुतेकांच्या हातात एका अंगाला सरकते. काढलेली प्रत्येक कडी आणि पिन पुडीत घालून पावतीसोबत ठेवा. क्लास्पच्या कडेला बारीक छिद्रांची ओळ असते, तिथली स्प्रिंग-पिन एक छिद्र सरकवून थोडा फरक घरीच करता येतो. मे महिन्यात मनगट सुजल्यासारखं होतं आणि निफाडच्या डिसेंबरातल्या थंडीत आटतं, तेव्हा वर्षातून दोनदा हे छिद्र बदलावं लागलं तर नवल नाही.

जुन्या ज्युबिलीत आणखी एक दोष असतो. कड्यांच्या आतल्या पिना आणि भोकं झिजतात आणि पट्टा लांबतो, लोंबतो. हे तपासायला घड्याळ आडवं धरा, डायलची बाजू तुमच्या उजव्या हातात आणि पट्टा कडेवर उभा राहील असा. नव्यासारखा पट्टा जवळपास सरळ राहतो, झिजलेला धनुष्यासारखा खाली वाकतो. थोडा वाकला तर चालेल. फारच वाकत असेल तर कड्या काढून त्यावर उपाय होत नाही, मोकळ्या सांध्यांमुळे घड्याळ तरीही डुलतच राहतं. पट्टे पुन्हा घट्ट करून देणारे कारागीर असतात, पण मधल्या सोन्याच्या कड्यांचं काम अनुभवी हातातच द्यावं. झीज कशाने होते? घाम आणि धूळ मिळून सांध्यात जो काळा चिकटा बसतो, तो कानशीसारखं काम करतो. महिन्यातून एकदा पट्टा घड्याळापासून काढून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने घासा, साध्या पाण्यात खळबळा आणि पूर्ण वाळवून मगच लावा. पट्टा काढता येत नसेल तर हा उद्योग करू नका, घड्याळ साबणाच्या पाण्याजवळ न्यायचं नाही.

पट्टा काढणं तुमच्या घड्याळात मात्र सोपं आहे, आणि त्यातच वय कमी दिसण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय दडलाय. १६०१३ च्या शिंगांना बाहेरून आरपार भोकं असतात. बारीक टोकाच्या हत्याराने बाहेरून स्प्रिंग-बार, म्हणजे पट्टा धरून ठेवणारी स्प्रिंगची दांडी, दाबला की पट्टा सुटतो. आधी शिंगांच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेप लावा, नाहीतर टोक निसटून ओरखडा हमखास जातो. शिंगांमधलं अंतर २० मिलिमीटर आहे. त्यात २० वरून १६ किंवा १८ वर निमुळता होणारा चामड्याचा पट्टा घ्या. साडेसहा इंचाला बारा वाजताची बाजू ७० ते ७५ आणि सहा वाजताची १०५ ते ११५ मिलिमीटर पुरते. पट्टा कसा घ्यायचा हे मात्र नेमकं ऐका: चकचकीत काळा, मगरीच्या खवल्यांचा, आत फोम भरून फुगवलेला पट्टा नको. तो कोणत्याही घड्याळाला वीस वर्षं चढवतो. सपाट, चमक नसलेलं, शिलाई लपवलेली किंवा त्याच रंगाची असलेलं मातकट तपकिरी, राखाडी नाहीतर गडद हिरवं चामडं घ्या. सोनं मग फक्त कडेला आणि चावीवर उरतं. पट्ट्यातलं सोनं गेल्यावर हेच घड्याळ किती शांत होतं हे हातावर बघितल्याशिवाय पटत नाही. चामडं घामाने सडतं, म्हणून मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत मूळ ज्युबिली आणि त्यानंतर चामडं, अशी पाळी ठेवा. एकच चामडी पट्टा सलग दोन दिवस घालू नका, रात्रभर वाळू द्या.

सोन्याबद्दल आम्हाला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, कारण आपल्या भागात खरी गफलत इथेच होते. स्टील-सोन्याचं घड्याळ, त्या हातात सोन्याचं ब्रेसलेट, बोटात दोन अंगठ्या, गळ्यात साखळी आणि वर कडक इस्त्रीचा पांढरा लिनन शर्ट. या वेषात कोणीही पंचेचाळिशीचा दिसतो, घड्याळ कुठलंही असो. घड्याळ घालाल त्या दिवशी दुसरं सोनं एकच ठेवा, साखरपुड्याची अंगठी पुरे. बाह्या कोपराखाली दोन घड्या दुमडलेला निळा किंवा खाकी सुती शर्ट, जीन्स, साधे बूट: यावर हे घड्याळ उठून दिसतं, कारण बाकी काही चमकत नाही. कडं आणि घड्याळ एका हातात कधीच नको. १८ कॅरेट सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं, कडं दोन महिन्यांत त्या दात्यांच्या कडा मारून टाकेल. मनगटाला देवाचा गोफ बांधलेला असेल तर तोही दुसऱ्या हाताला घ्या. ओला दोरा केसच्या पाठीला चिकटून राहतो आणि घामाचं मीठ तिथेच धरून ठेवतो.

आता घड्याळाच्या आतल्या बाजूकडे वळू. घड्याळ हातात आल्यावर पहिलं विचारायचं, शेवटची सर्व्हिस कधी झाली? रोलेक्स आजच्या घड्याळांना साधारण दहा वर्षांनी सर्व्हिस सुचवतं. मामांचं वर्षानुवर्षं कपाटात असेल तर आतलं तेल घट्ट झालेलं असणार. असं घड्याळ चालतं, वेळही बरी दाखवतं, आणि त्यामुळेच माणूस फसतो, कारण कोरडे भाग एकमेकांना खात असतात. हात हलला की फिरणारा जो अर्धगोल रोटर आत असतो, त्याचा आस झिजला तर रोटर डगमगून झाकणाला घासतो. कानाशी धरून हळू हलवल्यावर खरखर ऐकू आली तर घालणं लगेच थांबवा.

सर्व्हिस मुंबईला अधिकृत केंद्रात करा, नाहीतर रोलेक्सची मशीन उघडण्याचा पक्का अनुभव असलेल्या कारागिराकडे. कुठेही दिलंत तरी तीन गोष्टी लेखी घ्या. केस आणि पट्टा पॉलिश करायचा नाही. डायल आणि काटे बदलायचे नाहीत, रंगवायचे नाहीत. बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा. पॉलिशवर आम्ही इतके का अडतो? या घड्याळाच्या शिंगांचा वरचा भाग ब्रशने ओढल्यासारखा धुरकट असतो आणि बाजू आरशासारख्या. पट्ट्यातही बाहेरच्या स्टीलच्या कड्या धुरकट, मधल्या सोन्याच्या चकचकीत. बफावर धरलं की सगळंच एकसारखं लखलखतं, शिंगं बारीक होतात, दाते गोल होतात, आणि घड्याळ दागिन्यासारखं दिसायला लागतं. सराफ बाजारात कोणी प्रेमाने "चमकवून देतो" म्हटलं तरी नाही म्हणा. चार ओरखडे असलेलं धारदार घड्याळ तरुण दिसतं. तसंच डायलवर हिरे बसवून घेण्याचा सल्लाही कोणी देईल, तो ऐकू नका. मूळ डायल गेलं की घड्याळाची निम्मी किंमत आणि सगळा घाट गेला.

तुमच्या मॉडेलची काच अ‍ॅक्रिलिकची आहे. नीलमणी काच या मालिकेत १९८८ च्या सुमारास, १६२३३ या पुढच्या मॉडेलबरोबर आली. अ‍ॅक्रिलिकला ओरखडे लवकर पडतात, पण ते घरी निघतात. काचेसाठी मिळणाऱ्या बारीक पॉलिशचा मुगाएवढा थेंब, मऊ सुती कापड, तीन-चार मिनिटं गोल गोल घासणं. आधी सोन्याच्या कडेला टेप लावा. तारखेवरच्या भिंगाच्या कडेशी जोर लावू नका. थिनर किंवा अ‍ॅसिटोन तिच्याजवळ आणू नका, काच कायमची धुरकटते. आणि रात्री काटे चमकत नाहीत म्हणून दोष समजू नका. त्या काळी ट्रिटियम वापरत, त्याची चमक साडेबारा वर्षांच्या आतच निम्मी होते. १९८४ पासून तसं तीन वेळा होऊन गेलंय.

वेळ लावताना: चावी उलट्या बाजूला फिरवून मोकळी करा, मग बंद पडलेल्या घड्याळाला वीस-पंचवीस फेरे चावी द्या. हलवून हलवून चालू करू नका. पहिल्या टप्प्यावर ओढली की तारीख, दुसऱ्यावर वेळ. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख झटपट बदलायची नाही. तेव्हा तारखेचं चाक आतून पकडलेलं असतं, जोर केला तर दाता मोडतो. खात्रीसाठी काटे आधी सहावर आणावेत. शेवटी चावी आत दाबून पूर्ण पिळून बसवा. ही चावी अर्धवट राहिल्याने जितकी जुनी घड्याळं पाण्याने मेली, तितकी बहुधा कशानेच नाही. सर्व्हिसनंतर दिवसाला दहा सेकंद इकडे-तिकडे झाली तर चाळीस वर्षांच्या मशीनला ते शोभण्यासारखं आहे. पाण्याचं म्हणाल तर नवीन असताना ते १०० मीटरचं होतं, पण रबरी गास्केट वयाने कडक होतात. गास्केट बदलून दाबाची चाचणी झाली तरी हात धुणं आणि पावसाची सर एवढ्यावरच थांबा. गंगापूर धरण, रामकुंड, गरम पाण्याची आंघोळ या वेळी ते घरी.

तुमची नोकरी आणि बाग या दोन्हींत या घड्याळाला धोके आहेत. शॉप फ्लोअरवर ते घालूच नका. पहिलं कारण तुमचा हात: फिरत्या चक किंवा ड्रिलजवळ धातूचा पट्टा म्हणजे अपघाताला बोलावणं. दुसरं कारण सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, म्हणजे जॉब चुंबकाने धरून ठेवणारी बैठक. त्याच्यावर हात टेकला तर घड्याळातली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावतं. एकाएकी असं पळायला लागलं तर मोबाइलमधला होकायंत्राचा अ‍ॅप उघडून घड्याळ जवळ न्या. सुई ठळकपणे वळली तर चुंबकलं आहे. कारागिराकडे डीमॅग्नेटायझर असतो, मिनिटाचं काम आहे, मशीन उघडायला लावू नका. टूलरूममधल्या जॉबच्या डीमॅग्नेटायझरवर स्वतः प्रयोग करू नका. ऑफिसात, ड्रॉइंगवर, कस्टमरच्या मीटिंगला घाला, आणि मशीनकडे जाताना मऊ कापडाच्या पिशवीत, ड्रॉवरमध्ये.

बागेत छाटणी, फवारणी, जीएचं डिपिंग (द्राक्षघड जिबरेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवणं) चालू असताना ते मनगटावर नसावं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो आणि गंधक पट्ट्याच्या सांध्यात शिरतं आणि साध्या पुसण्याने निघत नाही. कात्री चालवताना बसणारे बारीक हादरे रोटरच्या आसाला चांगले नाहीत. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारणार असाल तर घड्याळ आदल्या रात्रीच कपाटात गेलं पाहिजे. अशा दिवसांसाठी साधं क्वार्ट्झ किंवा वडिलांचं जुनं एचएमटी घाला.

पुढे स्वतः घ्यायचं तर काय, हे तुम्ही विचारलंत. कार्तिएचं टँक निःशंक घ्या. १९१७ चा आराखडा आहे आणि पट्टा बदलला की घड्याळ बदलतं. बारीक मनगटाला चौकोनी घड्याळ छानच बसतं, फक्त माप व्यासाने नव्हे तर लांबीने बघा. रिव्हर्सोही तसंच. पातेक फिलिपचं कॅलट्राव्हा थोडं अवघड आहे. १९३२ चं पहिलं कोरं आणि सुंदर होतं, पण पांढरं डायल, रोमन आकडे आणि कडेला हॉबनेलची, म्हणजे टोकदार दाण्यांची, बारीक नक्षी असलेलं १९८५ चं ३९१९ हे रूप वय दाखवतं. ते आवडलं तर मघाशी सांगितलेला मातकट पट्टाच त्याला वाचवेल. ओमेगाचं कॉन्स्टेलेशन, १९८२ नंतरचं, कडेला चार नखं असलेलं, ते स्टील-सोन्यात आम्ही तरुणाला सुचवणार नाही. घड्याळ वाईट नाही, पण त्याचा पट्टा केसशी एकजीव आहे. मनासारखा दुसरा लावता येत नाही, आणि घाट त्याच्या दशकात अडकून राहतो. त्याच ओमेगाचं पन्नास-साठच्या दशकातलं कॉन्स्टेलेशन, उलट्या ताटलीसारख्या डायलचं, मिळालं तर आनंदाने घाला. आणि रोलेक्स डे-डेट पिवळ्या सोन्यात? ते सोनं किंवा प्लॅटिनम सोडून कशातच बनत नाही. सत्ताविसाव्या वर्षी ते घातलं की समोरच्याला आधी किंमत दिसते, मग माणूस. ते थांबू शकतं.

लग्नाच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मामांना ते घड्याळ त्या दिवशी तुमच्या हातात बघायचं असणार. सर्व्हिसला आणि भाग यायला काही आठवडे लागतात, म्हणून घड्याळ लग्नात घेण्याऐवजी आत्ताच मागून घ्या आणि मामांनाच सांगा की दुरुस्त करून, तुमच्या मापाचा पट्टा करून आणतो, मग मांडवात द्या. त्यांना बरं वाटेल. मुंबईला नेताना बॅगेत टाकू नका, मनगटावर घाला. भेट म्हणून दिल्याची दोन ओळींची चिठ्ठी मामांच्या सहीने पावतीसोबत ठेवा. आयकराच्या दृष्टीने आईचा भाऊ नातेवाईकच आहे, त्यामुळे काळजी नाही, पण पुढे विम्याला आणि सर्व्हिसला कागद उपयोगी पडतो. हळदीच्या दिवशी घालू नका. तेल-हळद सांध्यात गेली तर पिवळेपणा महिनोन्‌महिने निघतो. लग्नादिवशी ज्या हाताला कंकण बांधतील त्याच्या दुसऱ्या हातात घड्याळ, शेरवानीची बाही त्यावर अर्धी येईल एवढी लांब, आणि त्या हातात दुसरं काही नाही. शिंप्याला माप देताना घड्याळ घालूनच जा. त्या दिवसासाठी मूळ ज्युबिली पट्टाच लावा, कारण मामांनी तो तसाच वापरला होता.